आकाशातली खूणगाठ



मागच्या सुट्टीत माझी भाची असोद्याला आली, तेव्हा तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा वह्याच जास्त होत्या. खानदेशातल्याच एका धावपट्टीवर ती विमान चालवायला शिकते. दुपारी आम्ही अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होतो आणि ती ओट्यावर बसून डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. अम्मीला वाटले, पोरगी दुआ पाठ करतेय. कान देऊन ऐकले तर इंग्रजी!

“काय गं म्हणतेस?” अम्मीने विचारले.

“दादी, म्हणतेय की मेलेली माणसं दोनदा मत देऊ शकतात का?”

अम्मी वांगे उलटवायचे विसरली. “तुझी परीक्षा आहे की निवडणूक?”

आम्ही सगळे हसलो. पण त्या दिवशी तिची वही मी रात्री उशिरापर्यंत चाळत बसले. पानोपानी अशीच विचित्र वाक्ये, जोडाक्षरी शब्द आणि आकडे. त्या वहीतली एक गोष्ट आमच्या घराला आधी माहीत असती, तर एका सकाळी आमच्यावर जो प्रसंग आला तो टळला असता. तो प्रसंग सांगतेच. आधी वही उघडू या.

तानापिहिनिपाजा

शाळेत इंद्रधनुष्याचे रंग आपण कसे पाठ केले? तानापिहिनिपाजा! तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. गणितात ‘कंचेभागुबेव’ होते: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. कोणत्या महिन्याचे दिवस 31, हे अजूनही आपण मुठीची हाडे मोजून ठरवतो. वैमानिकही नेमके हेच करतात.

मेलेल्या मतदारांचेच घ्या. मूळ इंग्रजी वाक्य ‘कॅन डेड मेन व्होट ट्वाइस’. त्याची पहिली अक्षरे म्हणजे कंपास, डेव्हिएशन, मॅग्नेटिक, व्हेरिएशन, ट्रू. होकायंत्रावर दिसणारा आकडा आणि नकाशावरची खरी दिशा यांच्यात दोन फरक पडतात. पहिला विमानातल्या लोखंडामुळे आणि विजेच्या उपकरणांमुळे. दुसरा, पृथ्वीची चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर एका जागी नाहीत म्हणून. आधी कोणता फरक हिशेबात धरायचा आणि मग कोणता, तो क्रम त्या चमत्कारिक प्रश्नात बांधलेला आहे.

मग तो फरक मिळवायचा की वजा करायचा? त्यासाठी दुसरे यमक: ‘ईस्ट इज लीस्ट, वेस्ट इज बेस्ट’. नकाशावरून होकायंत्राची दिशा काढताना फरक पूर्वेकडचा असेल तर वजा, पश्चिमेकडचा असेल तर बेरीज. आपल्या भागात हा फरक अगदी थोडा आहे. अमेरिकेच्या काही भागांत तो 15 अंशांच्या वर जातो. तिथे बेरजेच्या जागी वजाबाकी झाली तर दिशा 30 अंशांनी चुकते.

एक-दोन अंशांनी काय होते, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर ‘साठात एक’ या नियमात आहे. दिशा एका अंशाने चुकली की दर 60 किलोमीटरला विमान एक किलोमीटर बाजूला जाते. जळगाव ते नागपूर सरळ रेषेत सुमारे 360 किलोमीटर. एक अंश चुकला की नागपूर 6 किलोमीटर बाजूला राहणार. पाच अंश चुकले की 30 किलोमीटर. या हिशेबाला कागद-पेन्सिल लागत नाही, म्हणून तर तो नियम झाला.

समोरासमोर येणाऱ्या विमानांसाठीही एक खूण आहे. उत्तरेपासून पूर्वेच्या अंगाने दक्षिणेपर्यंतच्या दिशांना जाणारी विमाने विषम हजारांच्या उंचीवर उडतात, पश्चिमेच्या अंगाची सम हजारांच्या. मुंबईहून जळगावकडे येणारे विमान ईशान्येला येते, म्हणून विषम उंची. परत जाणारे नैर्ऋत्येला जाते, म्हणून सम. वाट तीच, पण दोघांचे मजले वेगळे. वैमानिक हे ‘नॉर्थ-ईस्ट ऑड, साउथ-वेस्ट ईव्हन’ असे लक्षात ठेवतात.

पावसाळ्याच्या दिवसांत उपयोगी पडणारे एक वाक्य आहे: ‘हाय टू लो, लुक आउट बिलो’. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे चाललास तर खाली बघ! विमानातले उंचीचे यंत्र खरे तर हवेचा दाब मोजते. पुढच्या गावचा दाब कमी असेल आणि वैमानिकाने यंत्र नव्या दाबाला लावून घेतले नाही, तर यंत्र उंची जास्त दाखवते आणि विमान प्रत्यक्षात खाली असते. एका मिलिबारला सुमारे 30 फूट असा हिशेब. दाब दहा मिलिबारने उतरलेला असला की 300 फुटांची फसवणूक! सातपुड्याच्या कडेने ढगांतून उडताना 300 फूट ही थोडी गोष्ट नाही.

आणि तीन आकडे. विमानातून रडारला एक चार आकडी क्रमांक जात असतो. 7500 म्हणजे अपहरण, 7600 म्हणजे रेडिओ बंद पडला, 7700 म्हणजे संकटात आहोत. वैमानिकाने तोंडातून शब्द काढला नाही तरी जमिनीवर कळते.

घाबरलेल्या डोक्यासाठी

मी भाचीला विचारले, “अगं, एवढ्या हुशार पोरांना हे पोरखेळ कशाला? समजले की झाले.”

ती म्हणाली, “फुफी, समजलेलं असतंच. पण घाबरल्यावर सापडत नाही.”

हे मात्र पटले. किल्ली नेहमीच्या खिळ्याला असते, पण पाहुणे दारात उभे राहिले की ती दिसत नाही. तसेच हे. लहान विमानाचे एकमेव इंजिन हजार फुटांवर बंद पडले, तर ते तरंगत साधारण अडीच किलोमीटर जाऊ शकते आणि हाताशी वेळ असतो सव्वा-दीड मिनिटाचा. खाली केळीच्या बागा, विजेच्या तारा, मध्येच एखादे मोकळे शेत. त्या दीड मिनिटात विचार करत बसायचे नसते. म्हणून ए-बी-सी-डी-ई: एअरस्पीड, म्हणजे आधी वेग सांभाळ, बेस्ट फील्ड, म्हणजे उतरायला शेत निवड, चेकलिस्ट, म्हणजे इंजिन पुन्हा सुरू होते का ते क्रमाने बघ, डिक्लेअर, म्हणजे रेडिओवर संकट जाहीर कर, एक्झिक्यूट, म्हणजे ठरवले तिथे उतर. बाराखडीइतके सोपे, कारण घाबरलेल्या माणसाला बाराखडीच आठवते.

सगळ्यांच्या वर एक सूत्र आहे: आधी विमान उडव, मग वाट बघ, मग बोल. 29 डिसेंबर 1972च्या रात्री अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत एक मोठे प्रवासी विमान कोसळले. पुढच्या चाकाचा छोटा दिवा लागत नव्हता आणि वैमानिक त्याच्याच मागे लागले होते. स्वयंचलित उड्डाण सुटले, विमान हळूहळू खाली येत राहिले, कुणाच्या लक्षात आले नाही. शंभराहून अधिक माणसे गेली. बिघाड एका दिव्याचा होता. विमान धडधाकट होते.

अम्मी हे सगळे ऐकत होती. जुलै 2021मध्ये आपल्याच जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवारात एक प्रशिक्षण विमान कोसळले होते. प्रशिक्षक गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली पण वाचली. त्या बातमीनंतर आमच्या घरी भाचीच्या शिक्षणावरून फार बोलणी झाली होती. आज धुळ्याजवळ गोंदूरला, शिरपूरला धावपट्ट्या आहेत. 2021 साली विमानतळ प्राधिकरणाने देशात ज्या पाच विमानतळांवर उड्डाण प्रशिक्षणाला जागा दिली त्यांत जळगावही होते. खानदेशात आता विमान शिकणारी पोरे दिसू लागली आहेत. पण घरच्यांचा जीव टांगणीला लागतोच. वही बघून अम्मीचा जीव थोडा खाली बसला. “म्हणजे पोरगी नुसती हवेत जात नाही,” ती म्हणाली, “खूणगाठ बांधून जाते.”

गाण्यात ठेवलेले शहाणपण

खूणगाठीची ही रीत फार जुनी. पंधराव्या शतकातला अरब दर्यावर्दी अहमद इब्न माजिद याने हिंदी महासागरातल्या वाटा, तारे आणि वारे यांची माहिती लिहिली ती मोठ्या प्रमाणात पद्यात. 1462चे त्याचे एक दीर्घ काव्य हजाराहून अधिक ओळींचे आहे आणि ते सगळे नौकानयनाचे शास्त्र आहे. हे पद्यात कशाला? रात्री, हलत्या जहाजावर, दिव्याशिवाय पुस्तक उघडता येत नाही; ओळ मात्र ओठावर येते. आकाशाच्या वाटा शोधणाऱ्यांनी त्या अरबांकडून ताऱ्यांची नावेही घेतली. रायजेल म्हणजे पाय, डेनेब म्हणजे शेपूट, आल्टेअर म्हणजे उडणारा. 1960च्या दशकापर्यंत लांब पल्ल्याच्या विमानांत ताऱ्यांवरून जागा काढणारा नॅव्हिगेटर बसत असे आणि त्याच्या तक्त्यात हीच नावे असत.

इतक्या लांब कशाला जायचे! आमच्या असोद्यात 1880 साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, घरात, जात्यावर त्या ओव्या रचत आणि त्या राहत तोंडपाठ. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्या टिपल्या, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तक निघाले. ताल आणि यमक असले की शब्द निसटत नाहीत, हे आमच्या गावाला कुणी शिकवायची गरज नाही.

तरीही पाठांतरावर भिस्त नाही

आता खरी गंमत. एवढे सगळे पाठ असूनही वैमानिक पाठांतरावर विसंबत नाहीत.

30 ऑक्टोबर 1935ला अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंगच्या एका नव्या लष्करी विमानाची चाचणी होती. चालवणारे कसलेले. विमान वर उठले, एकदम उभे चढले आणि कोसळले. दोघे वैमानिक त्यात गेले. विमान उभे असताना वाऱ्याने त्याच्या शेपटीचे पंखे हलू नयेत म्हणून घातलेले कुलूप काढायचेच राहिले होते. ‘हे विमान माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे’ असे लोक म्हणू लागले. वैमानिकांनी दुसरा मार्ग काढला: एका कागदावर कामांची यादी केली आणि उडण्यापूर्वी ती वाचायची असे ठरवले. चेकलिस्ट तिथून रुळली. तेच विमान पुढे दुसऱ्या महायुद्धात बी-17 म्हणून हजारोंच्या संख्येने उडाले.

यादीतली एखादी गोष्ट राहिली तर काय होते, हे 20 सप्टेंबर 2018ला मुंबईने पाहिले. जयपूरला निघालेल्या विमानात 166 प्रवासी होते. आतल्या हवेचा दाब राखणारी कळ चालू करायची राहून गेली. विमान वर चढले तसे ऑक्सिजनचे मुखवटे खाली लोंबकळले, तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. विमान सुखरूप परतले, म्हणून पुढचे टळले.

म्हणून आज मोठ्या विमानात रीत अशी: जे क्षणात करायचे तेवढेच तोंडपाठ, बाकी सगळे वाचून. आणि वाचणारा एक, तपासून उत्तर देणारा दुसरा. मध्ये कुणी बोलले, यादी तुटली, तर ‘कुठवर आलो होतो’ असा अंदाज करायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून.

भाची हे सांगत होती आणि मला आमच्या मशिदीतली तरावीह आठवली. हाफिजसाहेबांना पूर्ण कुरआन मुखोद्गत असते. वर्षानुवर्षे सबक, सबकी आणि आमोख्ता, म्हणजे नवा धडा, कालपरवाचा धडा आणि जुना धडा, अशी रोजची उजळणी केलेली असते. तरीही त्यांच्या मागे सामिअ उभा असतो. कुठे अडखळले, आयत मागेपुढे झाली, की तो लुकमा देतो, आणि हाफिजसाहेब तो घेतात. त्यात कुणाचा अपमान होत नाही. हिफ्ज या शब्दाचा मूळ अर्थच जपणे, राखणे. जे जपायचे ते एकट्याच्या भरवशावर सोडत नाहीत. मुख्य वैमानिकाला चूक दाखवून देणारा कनिष्ठ सहवैमानिक म्हणजे आकाशातला सामिअच म्हणायचा.

आमची सकाळ

आता तो प्रसंग. दोन वर्षांपूर्वीचा हिवाळा. अब्बांची साखरेची गोळी सकाळी न्याहारीबरोबर असते. शाळेत जायच्या घाईत मी गोळी दिली, त्यांनी घेतली, मी निघाले. भाभी गोठ्यातून आली. डबा समोर पडलेला, अब्बा बसलेले. तिला वाटले, राहिली. तिने दुसरी दिली. अब्बा सुनेच्या हातचे काही नाकारत नाहीत आणि आपण घेतली की नाही हे त्यांनाही आठवेना. न्याहारीही त्या दिवशी अर्धीच झाली होती. अकराच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे जड झाले. अम्मीने तोंडात साखरेचे पाणी घातले, शेजाऱ्यांनी गाडी काढली, जळगावला नेले. संध्याकाळी अब्बा उठून बसले, अल्हमदुलिल्लाह. पण त्या दिवशीचा भाभीचा चेहरा मी विसरणार नाही. चूक तिची नव्हती. मी दिली, आणि कुणाला बोलले नाही.

भाचीच्या वहीत याच गोष्टीसाठी एक नियम निघाला. दोन वैमानिक असलेल्या विमानात सुकाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना एक म्हणतो, “यू हॅव कंट्रोल”. दुसऱ्याने “आय हॅव कंट्रोल” म्हटल्याशिवाय पहिला हात काढत नाही. दोघांनी धरले आहे किंवा दोघांनी सोडले आहे, असा क्षणच येऊ द्यायचा नाही.

भाचीने मग आमच्यासाठी एक तानापिहिनिपाजा करून दिले: ‘नावेजेसां’. नाव, म्हणजे गोळीचे नाव वाचा. वेळ बघा. जेवण, म्हणजे आधी की नंतर. आणि सांगा, म्हणजे मोठ्याने बोला. मी म्हणते, “अब्बांची सकाळची दिली.” भाभी म्हणते, “ऐकलं, सकाळची झाली.” मग डब्याजवळच्या कॅलेंडरवर रेघ. पहिले आठ दिवस हसू यायचे. आता अब्बाच विचारतात, “बोललीस का?”

हे विमानातून घरात आणणे वेडेपणाचे वाटत असेल, तर एक उदाहरण देते. बोस्टनचे शल्यचिकित्सक अतुल गवांदे यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळच्या उटी गावचे. वैमानिकांची ही रीत गवांदे यांनी ऑपरेशनच्या खोलीत आणली. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या चमूने 19 कलमांची यादी केली. रोगी तोच आहे ना, अंग तेच आहे ना, खोलीतल्या सगळ्यांनी आपापले नाव आणि काम सांगितले का, अशा साध्या गोष्टी. दिल्लीसह जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. 2009 साली निष्कर्ष छापून आले: शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. माहीत असलेलेच मोठ्याने बोलणे.

जाता जाता वहीतली आणखी एक यादी, आपल्या घरातल्या मोटारसायकलवाल्या पोरांसाठी. वैमानिक निघण्यापूर्वी यंत्राच्या आधी स्वतःला तपासतो: आजारी आहे का, गुंगीचे औषध घेतले आहे का, मनावर ताण आहे का, नशा नाही ना, थकवा आहे का, पोट रिकामे किंवा मन बिथरलेले आहे का? सहापैकी एकाचे उत्तर जरी ‘हो’ आले, तरी त्या दिवशी उड्डाण नाही. रात्रभर लग्नात जागून पहाटे भुसावळहून धुळ्याला निघणाऱ्याने हे सहा प्रश्न स्वतःला विचारले, तर किती आयांची झोप शाबूत राहील!

भाची परत गेली. निघताना अम्मीने तिच्या बॅगेत भरताचा डबा ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, “डबा दिला.”

“घेतला, दादी,” भाची म्हणाली.

तुमच्या घरी कोणती गोष्ट वारंवार राहून जाते? गॅसची कळ, आजीचे थेंब, पोराची लस? चौघांनी बसून तिची एक ओळ बांधा, आणि ती ऐकायला एक सामिअ नेमा. पुढच्या महिन्यात भेटू. खुदा हाफिज!